कुणाचंच नसलेलं चर्च

खोली बघायला गेले तेव्हा माझे होणारे घरमालक ओट्यावर मांडी घालून मातीच्या मावळ्यांचे फेटे कानशीने घासत बसले होते. दिवाळीच्या किल्ल्यावर मांडतात ना, तेच मावळे. घासलेले डावीकडे, न घासलेले उजवीकडे, आणि धोतरावर लाल भुकटी. मी विचारलं, "फेटे का काढताय यांचे?"

"फेटा ठेवला तं त्यो मावला होतो, बाय," ते अगदी गंभीरपणे म्हणाले. "मंग समोरचा कोन होनार, सांग."

माणूस जरा हललेला दिसतोय, असं मी मनात म्हटलं. पण खोलीला स्वतंत्र मोरी होती आणि टेलिफोन एक्स्चेंजातली माझी नवी नोकरी तिथून चालत जाण्याइतकी जवळ होती. शिवाय आधीच्या घरमालकिणीने मला आठवड्याभरात सामान उचलायला लावलं होतं, त्यामुळे मी चोखंदळपणा करण्याच्या स्थितीत नव्हते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी हो म्हटलं आणि पुढे बरीच वर्षं भिवंडीत कामतघरच्या त्या घरात राहिले.

गल्ली त्यांना 'चर्चवाले' म्हणायची. मी काका म्हणायचे. मूळचे आगरी. वाडवडलांची भातशेती होती तिथे आता लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, गाळे उभे होते. घराच्या खालीही गाळाच होता, एका शेठला भाड्याने दिलेला. वर काका-काकी आणि शेजारच्या खोलीत मी. दिवसभर खालून अशी खटखट चालायची की बशीतला कप आपला आपण सरकायचा. नव्याने आलेल्या माणसाला वाटायचं, आता घर पडतंय. महिन्याभरात सवय होते, मग लूम बंद पडले की दचकायला होतं.

काकांना काळजी करायला कारण लागत नसे. मी ड्युटीवर निघाले की खिडकीत उभे राहायचे, आणि पाऊस असला, मला शेअर रिक्षा धरायची असली, तर खाली येऊन रिक्षावाल्याला विचारायचे, "कुठला रे तू? बापाचं नाव कं?" चारचौघांत मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण त्यांची खरी काळजी अपघाताची नव्हती. आपल्यामुळे कुणाचं मन दुखावेल, ही होती. "कोनाला लागंल, काय सांगावं," हे त्यांचं पालुपद. भाजीवालीची भेंडी जून असली तरी बोलायचे नाहीत, घ्यायचे, आणि घरभर सगळे ती चावत बसायचे. नवं वर्ष लागलं की बँकेचं, सोनाराचं, सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगवाल्याचं, ज्यानं दिलं त्याचं कॅलेंडर भिंतीवर लागायचं. एखादं काढलं आणि नेमका तोच माणूस घरी आला तर? काकी म्हणायची, "माज्या घरान भिंत शोधावी लागतं." आणि वर म्हणायची, "मना लगीन करून आनली त्येबी कोनाला लागू नये म्हनूनच." काका हसायचे, पण नाही म्हणायचे नाहीत.

मधल्या खोलीत एक लांबलचक टेबल होतं. त्यावर जेवायचं नाही, कपडे ठेवायचे नाहीत, काकीने वाती वळायला बसायचं नाही. त्यावर लढाई असायची. हिरव्या रंगवलेल्या गोणपाटाचं मैदान, काथ्याची झाडं, आरशाच्या तुकड्यांची नदी, दोन्हीकडे फेटे घासून त्यावर पत्र्याचे टोप बसवलेले सैनिक आणि बरोब्बर मध्ये एक चर्च.

लढाई फक्त शुक्रवारी. कारण त्या दिवशी आमच्या भागातली वीज बंद असायची, लूम बंद, आणि जमीन हलायची नाही. एरवी टेबलावर सैनिक उभे केले तर खालच्या खटखटीने ते आपणहून चालायला लागत आणि नदीत जाऊन पडत. नमाज झाली की चाचा यायचे. चाचा म्हणजे काकांचा एकुलता एक मित्र आणि एकुलता एक शत्रू. उंच, वाळकुडे, जन्मभर लूम दुरुस्त करणारा जॉबर म्हणून काम केलेले, बोटांत तेलाच्या रेघा कायमच्या बसलेल्या. धामणकर नाक्यापलीकडच्या मोहल्ल्यातून चालत यायचे. आले की दारातूनच विचारायचे, "कितने मरे?" काका म्हणायचे, "अजून कोन न्हाय. बैठो."

हा खेळ त्यांनी शोधून काढला नव्हता. तो रद्दीतून आला होता. गाळ्यात मालाला गुंडाळायला रद्दीचे गठ्ठे यायचे, त्यात एक परदेशी मासिक निघालं. आत फोटो: दोन जाडजूड गोरे म्हातारे एका टेबलावर वाकलेत, टेबलावर बोटाएवढं सैन्य, आणि एकजण दुसऱ्याला बोट दाखवून काहीतरी सुनावतोय. काकांनी ते मासिक उचललं आणि तडक चाचांकडे गेले.

ते का गेले, हे त्यांनी मला फार पुढे सांगितलं. चौऱ्याऐंशीच्या दंगलीत भिवंडीत जे झालं ते झालं. या दोघा मित्रांनी एकमेकांचं काही वाईट केलं नव्हतं. दोघांची घरंही वाचली होती. तरी पुढचं जवळजवळ वर्षभर ते भेटले नव्हते. "जाऊन बोलनार कं?" काका म्हणाले. "बरा हाय का इचारलं तं त्येला वाटंल, मना म्हाईत हाय कोनी कं केलं. न्हाय इचारलं तं वाटंल, याला कायच न्हाय. रोज चप्पल घालायचो आनि काढायचो. मंग त्यो फोटो गावला. म्हटलं, ह्ये म्हातारे कं करतान, इचारायला तं जाता येल." चाचांनी फोटो खूप वेळ पाहिला म्हणे, आणि म्हणाले, "लड़ रहे हैं. मगर आराम से." तेव्हापासून दर शुक्रवार. खेळ थांबला तर भेटणं थांबेल, हे दोघंही तोंडाने म्हणत नव्हते. पण सोंगट्या गोळा करताना काका विचारायचे, "पुढच्या शुक्रवारी हायस ना?" आणि उत्तर येईपर्यंत त्यांचा हात थांबलेला असायचा.

दोघांनाही इंग्रजी येत नव्हतं, म्हणून नियम फोटोवरून बनवले होते. पण त्याआधीच मोठा पेच आला. मावळे कुणाचे? समोरचे कोण? चाचा म्हणाले, मुझे कोई भी दे दो. काका म्हणाले, तसं कसं. मग फेटे गेले. रंगांचंही तेच. भगवा नको, हिरवा नको, निळ्या झेंड्याखाली काकांच्या ओळखीचे कितीतरी, म्हणून निळाही नको. शेवटी काकांचं सैन्य जांभळं झालं आणि चाचांचं तपकिरी. आणि लढायचं कशासाठी? मध्ये काहीतरी जिंकायला हवं. देऊळ ठेवलं तर चाचांना त्यावर हात उचलता येईना, मशीद ठेवली तर काकांना. मासिकात पुढच्या पानावर दगडी चर्च होतं, बांधून टेबलावर ठेवलेलं. ते ठरलं. मी राहायला गेल्यावर त्या फोटोखालचं वाचायला मला बोलावलं. मी सांगितलं, मध्ययुगातलं चर्च आहे.

"म्हंजे कवाचं?"

"सात-आठशे वर्षांपूर्वीचं असेल. युरोपातलं."

काकांनी सुटकेचा श्वास सोडला. "मंग वलखीचं कोन न्हाय," ते म्हणाले.

मी मान हलवली आणि माझ्या खोलीत जाऊन बसले. कारण मी ख्रिस्ती. जालन्याकडची. आमची आडनावं तुमच्यासारखीच, बोलणं तुमच्यासारखंच, त्यामुळे सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही. आधीच्या घरमालकिणीला उशाशी बायबल दिसलं होतं, आणि त्यानंतर तिच्या भाच्याला अचानक खोली लागायला लागली. म्हणून इथे मी बायबल ट्रंकेत ठेवलं होतं आणि तोंड बंद.

ते चर्च मात्र काय केलं होतं काकांनी. भिंती खोक्याच्या पुठ्ठ्याच्या, त्यावर खाडीची वाळू चिकटवून दगड केलेले. मनोऱ्याचा कळस म्हणजे सुताचा पुठ्ठ्याचा कोन, लूमवर सूत ज्याला गुंडाळून येतं तो. छप्पर उचललं की निघायचं, म्हणजे आत सैनिक ठेवता यावेत. डिंकाऐवजी सायझिंगमधली खळ वापरली होती, सुताला कडक करायला लावतात ती पिठाची. त्यामुळे दर पावसाळ्यात झुरळं चर्चची एक भिंत खाऊन टाकायची आणि काका ती परत बांधायचे. चिकटपट्टी आणून दिली तर म्हणायचे, "खळीचं काम ते खळीचं." दर शुक्रवारी कुणीतरी ते जिंकायचं, कुणीतरी हरायचं, आणि कधीकधी चाचांच्या तोफेने, म्हणजे सुताच्या पोकळ कांडीतून फुंकलेल्या चिंचोक्याने, कळस उडायचा. तेव्हा दोघंही लहान पोरांसारखे हसायचे. भिंतीपलीकडे मला ते ऐकू यायचं. मला हसू यायचं नाही आणि रागही धड यायचा नाही.

एका शुक्रवारी काकीने मला चहा घेऊन आत पाठवलं. छप्पर काढलेलं होतं, म्हणून पहिल्यांदाच मी आत डोकावले. दोघांपैकी कुणीही जन्मात चर्चच्या आत गेलं नव्हतं, आणि मासिकात फक्त बाहेरची बाजू. त्यामुळे आतलं सगळं मनाने केलेलं. बाक नव्हतेच. मोकळी जमीन, त्यावर सतरंजीचा तुकडा. दाराशी काकांनी टांगलेली घंटा. अंगणात चाचांनी बसवलेला हातपाय धुवायचा हौद. आणि उंबऱ्याबाहेर काडेपेटीच्या पुठ्ठ्याच्या कापलेल्या इवल्या इवल्या चपला, जोडीजोडीने.

"हे तर आमचंच चर्च आहे," मी म्हणाले.

खरंच तसंच होतं. आमच्या गावचं चर्च म्हणजे पत्र्याचं छप्पर, जमिनीवर सतरंज्या, बाहेर पाण्याची टाकी, दाराशी घंटा आणि रविवारी उंबऱ्याबाहेर चपलांचा हा ढीग. आईची चप्पल ओळखून तिच्यात मी माझी अडकवून ठेवायचे. सात-आठशे वर्षं आणि युरोप सोडून हे दोघं म्हातारे बरोब्बर माझ्या गावात येऊन पोचले होते. बोलून गेले तेव्हा वाटलं, संपलं. आता ट्रंक भरायची.

काकांनी हातातला जांभळा सैनिक खाली ठेवला. "तू आमाला सांगितलं न्हाईस," ते म्हणाले. आवाज रागाचा नव्हता, घाबरल्याचा होता. "आमी तुज्या डोल्यांसमोर तुजं देऊल पाडतंव."

"अहो काका, पुठ्ठ्याचं आहे ते."

"बेटी, माफ करना," चाचा म्हणाले, आणि त्यांनी चिंचोक्याची कांडी खिशात घातली.

मला कुणी खोली सोडायला सांगितलं नाही. उलट काकीने त्या संध्याकाळी मला जेवायला बसवलं, आणि येशूला मासे चालतात का, असं विचारलं. पण पुढच्या शुक्रवारी चर्चवर धुतलेला पंचा टाकलेला होता आणि दोघं म्हातारे मोकळ्या मैदानाकडे बघत बसले होते. लढायचं कशासाठी? टेकडी ठेवून पाहिली, कुणाला टेकडी नको होती. पोलीस चौकी ठेवायचं चाचांनी सुचवलं, काका दचकून खिडकी लावायला उठले. बँक म्हटलं तर काकांचा मेव्हणा बँकेत. गाळा म्हटलं तर शेठला लागेल. अशी एक एक वस्तू बाद होत गेली, आणि चाचांचा गुडघा दुखायला लागला. एका शुक्रवारी आलेच नाहीत. काका संध्याकाळपर्यंत खिडकीत उभे होते. "गुडघा न्हाय त्यो," ते मला म्हणाले. "त्येला इथं यायला आता कारनच न्हाय."

माझं डोकं फिरलं. एवढ्या वर्षांचे मित्र, आणि माझ्या एका वाक्याने यांचं येणं-जाणं बंद? मी पंचा ओढून काढला. म्हटलं, "चर्च माझं ना? मग मी खेळणार. चर्चच्या बाजूने. चाचांना निरोप पाठवा, तिसरा माणूस आलाय म्हणावं."

माझं सैन्य म्हणजे शर्टाची पांढरी बटणं. मी त्यांना सैनिक म्हणायला नकार दिला, ती गावातली माणसं होती. माझा नियम एकच: कुणीही आत यावं, पण हत्यार चपलांपाशी ठेवून. आत असलेल्याला मारायचं नाही. चाचांना हे भलतंच पटलं. पहिल्याच डावात त्यांनी एक जखमी तपकिरी आत पाठवला. काकांनी लगेच दोन जांभळे पाठवले. मग एकाला बाहेर एकटं वाटेल म्हणून आणखी एक. डाव संपेपर्यंत दोन्ही सैन्यं आत दाटीवाटीने बसलेली आणि मैदानात शुकशुकाट. "यह कैसी जंग है?" चाचा म्हणाले. पण दुसऱ्या शुक्रवारी त्यांचा गुडघा बरा होता. पुढची तीन-चार वर्षं आम्ही अशाच लढाया लढलो, ज्यात सगळ्यांना घाई असायची ती आत शिरायची.

मग ब्याण्णवचा तो डिसेंबर आला. मुंबईत पेटलं होतं. भिवंडीत काही होत नव्हतं, आणि ते न होणंच सहन होत नव्हतं. दुकानं अर्ध्या शटरने उघडी, नाक्यावर बंदोबस्त, लूम बंद. आमच्या घराखालून खटखट थांबली आणि आम्ही तिघं हळू आवाजात बोलायला लागलो. एक्स्चेंजात कान फुटेपर्यंत कॉल यायचे: आमचा माणूस पोचला का, आमचा माणूस निघाला का. मी रोज घरी येऊन सांगायचे, भिवंडीत शांतता आहे. काका म्हणायचे, "मागल्या येलीबी आधी अशीच व्हती."

काकीचा भाऊ मानकोलीला होता. त्याने टेम्पो घेऊन यायचं ठरवलं: दोघांनी आणि मीही, निवळेपर्यंत तिकडे राहायचं. काकीने गाठोडी बांधली. काका म्हणाले, चाचाला बघितल्याशिवाय मी जात नाही. शुक्रवार गेला, चाचा आले नव्हते. दुसरा गेला. निरोप न्यायला कुणी तयार होईना. काकी रडली, मग चिडली. "मागल्या येली वरीसभर न्हाय गेलाव, तवा न्हाय मेला त्यो. आताच कं?"

काका टेबलापाशी गेले, चर्चच्या कळसाला धरून त्यांनी तो मुद्दाम थोडा हलवला आणि म्हणाले, "ह्यो ढिला झालाय. चाचा करून देल." आणि ते चर्च दोन्ही हातांत उचलून जिना उतरायला लागले. मी चपला अडकवून मागे धावले. काय करणार? त्या माणसाला रस्ता ओलांडायला भीती वाटायची, आणि तो निघाला होता नाक्यापलीकडे.

धामणकर नाका तसा मोकळा मी कधी पाहिला नव्हता. रिक्षा नाहीत, हातगाड्या नाहीत, बंद दुकानांच्या फळ्यांवर पोलीस बसलेले. काकांच्या हातात चर्च असं थरथरत होतं की जणू खाली लूम चालू आहेत. एका हवालदाराने काठी आडवी घातली. "काय आहे हे? कुठे निघालात?"

काकांनी चर्च छातीशी धरलं.

"देऊळ आहे का कसलं?" हवालदार उठून उभा राहिला. बाकीचेही बघायला लागले. "कुणाचं आहे?"

आयुष्यभर या प्रश्नाला बगल देणारा माणूस. फेटे घासले, रंग बदलले, सात-आठशे वर्षं मागे गेला, कशासाठी, तर कुणी हे विचारू नये. काकांच्या ओठांवर घाम आला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्यावर येऊ नये म्हणूनच पाहिलं नाही, हे मला कळलं.

"माझं आहे," मी म्हणाले. "चर्च आहे. मी ख्रिस्ती आहे." भिवंडीत भर रस्त्यात हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले.

हवालदाराने छप्पर उचलून आत पाहिलं. सतरंजी, घंटा, बटणं. त्याने छप्पर परत नीट बसवलं. "नाताळचं होय," तो म्हणाला. "मग हे आजोबा?"

"माझे काका आहेत."

"लवकर परत या," तो म्हणाला, आणि काठी बाजूला झाली.

चाचांच्या गल्लीत सगळी दारं बंद. आम्ही कडी वाजवली तेव्हा आतलं बोलणं थांबलं. कुणी उघडेना. काकांना हाक मारायचा धीर होईना, मग मीच म्हटलं, "चाचा, मी आहे. काका आलेत." दार फटीएवढं उघडलं. चाचा. दाढी वाढलेली, डोळे जागरणाने लाल. त्यांनी काकांना पाहिलं, मग हातातलं चर्च पाहिलं.

"क्या हुआ?" ते म्हणाले. "ये क्यों लाया?"

काकांनी तोंड उघडलं. कळस ढिला झालाय, एवढंच बोलायचं होतं. वाटभर ते ओठांतल्या ओठांत तेच घोकत आले होते, मी ऐकलं होतं.

"तुला बगायला आलो," काका म्हणाले. "दुसरं काय कारन न्हाय."

चाचांनी दार पूर्ण उघडलं. मग त्यांनी चर्च काकांच्या हातातून काढून घेतलं, मागे उभ्या असलेल्या सुनेच्या हातात दिलं आणि काकांना दंडाला धरून आत ओढलं. "इतनी सी बात बोलने को," ते म्हणाले, "तूने इतने साल लगाए."

काका त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. मी दारात उभी होते, सून मला आत या म्हणाली.

भिवंडी त्या हिवाळ्यात वाचली. चाचांना भेटल्यावर काका मानकोलीला यायला तयार झाले होते; तिथून आम्ही परत आलो, लूम सुरू झाले, आणि नंतरच्या शुक्रवारी चाचा नेहमीसारखे आले. दोघं ओट्यावर बसले. सुनेचं बाळंतपण, काकीची शुगर, खाली गाळ्यात शेठने लावलेले नवे लूम, असं काहीबाही बोलत राहिले. मी बटणं घेऊन वाट बघत होते. संध्याकाळी चाचा उठले, "चलता हूँ" म्हणाले आणि निघाले. पुढच्या शुक्रवारी तेच. काकीने टेबलावर वाती वळायला घेतल्या, तर काका काही बोलले नाहीत. एक दिवस न राहवून मी विचारलं, "आपला खेळ नाही का आता?"

"कशाला?" काका म्हणाले. त्यांना खरंच प्रश्न कळला नव्हता.

चर्च चाचांकडेच राहिलं, ते परत आणायचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्या दोघांसाठी मला आनंदच झाला. पण माझं एक चर्च होतं भिवंडीत, आणि ते गेलं म्हणून मी माझ्या खोलीत जाऊन थोडं रडलेही. मग ट्रंकेतलं बायबल काढलं आणि उशाशी ठेवलं.